बिस्किटांवर वाढलेल्या सहा वर्षांच्या सशाला गवताकडे कसे वळवावे?

प्रश्न : आमच्या इमारतीतील एक कुटुंब परदेशी स्थायिक झाले, तेव्हा त्यांचा सहा वर्षांचा पांढरा ससा, गोटू, आम्ही घरी आणला. त्याला आता तीन आठवडे झाले. आधीच्या घरी तो सकाळी अर्धी पोळी, दुपारी मारी बिस्किटे, संध्याकाळी भिजवलेले हरभरे आणि गाजर, शिवाय दुकानात मिळणारे रंगीत दाण्यांचे मिश्रण खात असे. द्राक्षांच्या हंगामात त्याला रोज मूठभर द्राक्षेही मिळत. त्याचे वजन 3 किलो 200 ग्रॅम आहे आणि मऊ लेंड्या त्याच्या बुडाला चिकटून राहतात. सशाने गवत खावे असे वाचून मी टिमोथी गवत मागवले, पण तो ते हुंगतो, एखादी काडी तोंडात धरतो आणि सोडून देतो. गेल्या आठवड्यात मी पोळी आणि बिस्किटे एकदम बंद केली, तर तो जवळजवळ दिवसभर काहीच न खाता कोपऱ्यात बसून राहिला. घाबरून मी पुन्हा बिस्किट दिले. सासूबाई म्हणतात, म्हातारपणी त्याच्या सवयी मोडून त्याला कशाला छळता? मी काय करावे?

— एक वाचक, नाशिक

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

त्या दिवशी तुम्ही गोटूला पुन्हा बिस्किट दिलेत, याबद्दल मनात अपराधीपणा ठेवू नका. त्या घटकेला त्याच्या पोटात काहीतरी जाणे हे त्याच्या पोटात योग्य तेच जाण्यापेक्षा अधिक महत्त्वाचे होते. कुत्र्याने एक दिवस जेवण टाकले, तर आपण थोडी वाट पाहू शकतो. सशाच्या बाबतीत ती मुभा नाही. सशाचे आतडे सतत भरत आणि पुढे सरकत राहावे अशीच त्याची घडण आहे, आणि दहा-बारा तास पोटात काहीच गेले नाही, तर ते मंदावते, त्यात वायू साठतो, त्या वेदनेने ससा आणखी खात नाही आणि हे चक्र जिवावर बेतू शकते. सशाला उलटीही करता येत नाही. त्यातून तो लठ्ठ असेल, तर उपाशीपणी अंगातली चरबी यकृतात साचून यकृत निकामी होण्याचा धोका असतो. म्हणून ‘भूक लागली की आपोआप गवत खाईल’ हा सल्ला तुम्हाला कोणीही दिला, तरी तो कृपया ऐकू नका.

मात्र सासूबाईंच्या प्रश्नालाही उत्तर द्यायला हवे, कारण त्यांच्या बोलण्यामागे माया आहे. घरात सांभाळलेला ससा साधारणपणे आठ ते बारा वर्षे जगतो. म्हणजे गोटू उतारवयाकडे झुकलेला असला, तरी त्याच्यापुढे अजून काही वर्षे आहेत, आणि ती वर्षे सुखाची जातील की दातांच्या व पोटाच्या दुखण्यात जातील हे बऱ्याच अंशी त्याच्या खाण्यावर ठरणार आहे. सवय मोडू नये असे नाही. ती तोडून टाकण्याऐवजी हळूहळू विरघळू द्यायची आहे.

सशाचे अन्न गवतच का, हे एकदा नीट समजले की पुढची सारी धडपड सोपी वाटते. आपण ज्याला ससा म्हणतो, तो आपल्या माळरानावर दिसणारा रानससा आणि घरात पाळला जाणारा ससा हे दोन वेगळे प्राणी आहेत. घरातल्या सशाचे पूर्वज स्पेन आणि पोर्तुगालच्या कोरड्या प्रदेशात बिळे करून राहणारे, आणि त्यांच्या वाट्याला आलेले अन्न म्हणजे राठ, कमी कसाचे गवत. त्यातून पोषण काढण्यासाठी त्यांच्या शरीराने एक विलक्षण व्यवस्था उभी केली. लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्याशी असलेल्या एका मोठ्या पिशवीत कोट्यवधी सूक्ष्मजीव चोथा आंबवतात. त्यातून तयार झालेल्या, द्राक्षांच्या लहानशा घडासारख्या दिसणाऱ्या मऊ लेंड्या ससा थेट गुदद्वारापाशी तोंड नेऊन खातो आणि त्यांतली जीवनसत्त्वे व प्रथिने मिळवतो. गोल, कोरड्या लेंड्या वेगळ्या. त्या तो टाकून देतो. पोळी, बिस्किटे आणि हरभरे यांतील पिष्टमय पदार्थ व साखर त्या पिशवीत पोहोचले की सूक्ष्मजीवांचा तोल बिघडतो, मऊ लेंड्या अधिकच पातळ आणि चिकट होतात. शिवाय खाणे आधीच कसदार असल्यामुळे सशाला त्या खाण्याची गरजही वाटत नाही. गोटूच्या बुडाला जे चिकटते आहे, त्याचे एक कारण हे असावे. दुसरे कारण असे असू शकते की पोट सुटल्यामुळे किंवा पाठीचे सांधे आखडल्यामुळे त्याचे तोंड तिथवर पोहोचतच नसेल. दोन्ही कारणे एकाच वेळी असणेही अगदी शक्य आहे.

आता मी ज्या गोष्टीवर सर्वांत अधिक भर देणार आहे, ती म्हणजे दात. सशाला एकूण 28 दात असतात आणि ते सारे जन्मभर वाढत राहतात. पुढचे दात तर आठवड्याला सुमारे 2 मिलीमीटर वाढतात. गवताची काडी चावताना जबडा आडवा, जात्यासारखा फिरतो आणि दाढा एकमेकींवर घासून सपाट राहतात. बिस्किट किंवा हरभरा खाताना जबडा बहुतेक वरखालीच होतो, दाढा झिजत नाहीत आणि वर्षानुवर्षे असे चालले की त्यांना सुईसारखी टोके येतात. खालच्या दाढांची टोके जिभेत रुततात, वरच्या दाढांची गालात. अशा सशाला मऊ पोळी खाता येते, पण गवताची काडी तोंडात धरताच कळ येते. तुम्ही लिहिले आहे की गोटू काडी तोंडात धरतो आणि सोडून देतो. हे वाक्य मी तीनदा वाचले. माझ्याकडे पूर्वी एक मादी ससा होती. तिचे असेच वागणे मी जवळजवळ दोन महिने ‘नखरे’ समजत राहिले, आणि शेवटी तपासणीत तिच्या जिभेच्या कडेला दाढेने पाडलेली जखम निघाली. ते दोन महिने मला अजून सलतात. म्हणून गोटूला हट्टी ठरवण्यापूर्वी त्याचे तोंड तपासून घ्या. खाण्यातला प्रत्येक बदल त्यानंतर.

ही तपासणी सशांचा अनुभव असलेल्या पशुवैद्यांकडेच करून घ्यावी, आणि भेट ठरवतानाच ‘तुम्ही सशाच्या मागच्या दाढा तपासता का’ असे स्पष्ट विचारावे. ओठ उचलून फक्त पुढचे दात पाहिले, तर मागच्या दाढांविषयी काहीच कळत नाही. त्यासाठी तोंडात दिव्याची नळी घालून पाहावे लागते आणि शंका राहिली तर क्ष-किरण चित्र काढावे लागते. दाढा घासण्यासाठी भूल द्यायची ठरली, तर सशाला आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवायचे नसते, हेही लक्षात असू द्या. तो उलटी करत नसल्याने माणसासारखी किंवा कुत्र्यासारखी ती गरज नाही आणि उपासाचा त्याला उलट अपायच होतो. पेनिसिलिन गटातील प्रतिजैविके सशाला तोंडावाटे दिल्यास आतड्यातले उपयुक्त सूक्ष्मजीव मरून तो दगावू शकतो, त्यामुळे घरातले किंवा औषधांच्या दुकानातून विचारून आणलेले कोणतेही औषध त्याला देऊ नका. याच भेटीत त्याचे वजन किती असायला हवे, सांध्यांची स्थिती कशी आहे आणि लघवीत चुन्यासारखा गाळ येतो का, हे विचारून घ्या.

तोंड निरोगी आहे किंवा उपचार होऊन वेदना थांबली आहे, असे कळले की बदलाला आरंभ करता येईल. त्याचे पहिले पाऊल म्हणजे काहीही काढून न घेता गवत वाढवणे. गोटूचे घर, माणसे, वास आणि आवाज असे सारे तीन आठवड्यांपूर्वी एकदम बदलले. त्याच्या ओळखीची उरलेली एकच गोष्ट म्हणजे ते बिस्किट आणि ती पोळी. तुम्ही ती काढून घेतलीत, तेव्हा त्याच्यापाशी ओळखीचे काहीच उरले नाही. म्हणून पहिला आठवडा-दीड आठवडा त्याचे जुने खाणे आहे तेवढेच ठेवा, पण ते दिवसभर समोर न ठेवता सकाळी आणि संध्याकाळी ठरलेल्या वेळी द्या, आणि मधल्या साऱ्या वेळात त्याच्या आजूबाजूला गवतच गवत असू द्या. मधल्या वेळेत थोडी भूक लागते, समोर गवत असते, आणि जुने खाणे येणारच असल्यामुळे उपासमारही होत नाही.

गवत कुठे ठेवता यालाही फार महत्त्व आहे. ससे लेंड्या टाकता टाकता खातात, म्हणून त्याच्या शौचाच्या तसराळ्यातच एका बाजूला गवताचा ताजा ढीग ठेवा. उंचावर टांगलेली जाळी तरुण सशाला चालते. मान आणि पाठ आखडलेल्या सशाला जमिनीवरचा ढीगच सोयीचा. तसराळ्याची एक कड कापून दोन-तीन इंचांवर आणली, तर त्याला आत शिरणेही सोपे जाईल. ढीग रोज निदान त्याच्या अंगाएवढा मोठा हवा आणि रोज बदलायला हवा, कारण एकदा तुडवलेले, ओले झालेले गवत ससा खात नाही. त्यावर चिरलेली कोथिंबीर भुरभुरवा, किंवा त्याच्या आवडीच्या दाण्यांचा चुरा करून गवतात खोलवर मिसळा, म्हणजे तो शोधताना काड्या तोंडात येतील. कागदी नळीत गवत ठासून दिले, तर काही ससे ते ओढून काढण्याच्या खेळातच खाऊ लागतात.

टिमोथीच हवे असा माझा आग्रह नाही. ते दूरवरून येते, महाग पडते आणि पुडा जुना असेल तर त्याचा वासही उडालेला असतो. ओटचे वाळवलेले गवत किंवा ऱ्होड्स गवत मिळाले, तर तेही चांगले. आणि आपल्याकडे हाताशी असलेली गोष्ट म्हणजे हरळी, म्हणजेच दूर्वा. टिमोथीकडे ढुंकूनही न पाहणारे ससे ताज्या दूर्वा आवडीने खाताना मी पाहिले आहेत, आणि गवताची चव ओळखीची करून देण्यासाठी यासारखा सोपा मार्ग नाही. मात्र त्या फवारणी नसलेल्या, गाड्यांच्या धुरापासून आणि कुत्र्यांच्या वावरापासून दूर असलेल्या जागेवरच्या हव्यात. धुऊन, निथळून, पहिल्या दिवशी पाच-सहा काड्या, आणि पोट ठीक राहिले तर दर दोन दिवसांनी थोड्या वाढवत द्याव्यात. पूजेतल्या, शेंदूर किंवा कुंकू लागलेल्या दूर्वा त्याला देऊ नयेत. यंत्राने कापलेल्या हिरवळीचा ढीग लगेच आंबू लागतो, म्हणून तोही नको. दूर्वा सावलीत वाळवून ठेवल्या, तर तुमच्या घरचेच गवत तयार होते.

इथे एक सावधगिरीची सूचना. नगर-नाशिकच्या बाजूला चारावाल्याकडे ‘घास’ मागितला, तर तो लसूणघास देतो. दुभत्या जनावरांना उत्तम असलेला हा चारा प्रौढ सशासाठी योग्य नाही, कारण त्यात प्रथिने आणि कॅल्शियम फार असते. सशाचे शरीर खाण्यातले कॅल्शियम गरजेपेक्षा जास्त शोषून घेते आणि उरलेले लघवीवाटे टाकते. तेच पुढे मूत्राशयात गाळ किंवा खडे होऊन बसते. वाढत्या पिलांना आणि अतिशय खंगलेल्या सशांना लसूणघास देतात. 3 किलो 200 ग्रॅमच्या गोटूला त्याची गरज नाही. ज्वारीचे कोवळे पोंगेही टाळा. त्यांनी गुरांना किराळ लागते, म्हणजे विषबाधा होते, हे शेतकऱ्यांना ठाऊक आहे. गवत विकत घ्याल तेव्हा ते हिरवट, सुवासिक आणि कोरडे असल्याची खात्री करा. पावसाळ्यात ते बंद प्लास्टिकमध्ये न ठेवता हवा खेळेल अशा कापडी पिशवीत, जमिनीपासून उंच ठेवा, आणि बुरशीचा वास आला तर पैसे वाया जातील हा विचार न करता फेकून द्या.

गोटू रोज दिसण्याइतके गवत खाऊ लागला, म्हणजे ढीग खरोखर कमी होऊ लागला आणि कोरड्या लेंड्या मोठ्या, फिकट, चुरल्यावर गवताच्या भुशासारख्या होऊ लागल्या, की मगच जुने खाणे कमी करायचे. आधी हरभरे, मग बिस्किटे, मग पोळी असा क्रम ठेवावा आणि प्रत्येकाचा चौथा हिस्सा दर चार-पाच दिवसांनी काढावा. अधेमधे लेंड्या लहान झाल्या किंवा खाणे मंदावले, तर एक पायरी मागे या. दोन महिने लागले तरी हरकत नाही. सहा वर्षांची सवय आहे.

रंगीत दाण्यांच्या मिश्रणाविषयी मी जरा कठोरपणे लिहीत आहे. ससा त्यातले गोड आणि पिठूळ दाणे वेचून खातो आणि चोथ्याचे दाणे तसेच ठेवतो, त्यामुळे पुडक्यावर लिहिलेले पोषण त्याच्या पोटात जातच नाही. एडिंबरो विद्यापीठात सशांच्या चार गटांना 17 महिने वेगवेगळे खाणे देऊन अभ्यास झाला होता. त्यात असे मिश्रण खाणाऱ्या सशांनी गवत कमी खाल्ले, पाणीही कमी प्यायले, आणि ज्यांना गवताशिवाय नुसते मिश्रण दिले त्यांच्यात लठ्ठपणा व दातांचे विकार दिसले. म्हणून या मिश्रणाच्या जागी एकसारख्या, साध्या, भरपूर चोथा असलेल्या पेलेट, म्हणजे दाबून केलेल्या कोरड्या खाद्याच्या गोळ्या, आणाव्यात. पहिल्या आठवड्यात पाव हिस्सा पेलेट आणि पाऊण हिस्सा मिश्रण, असे करत चार आठवड्यांत पूर्ण बदल करावा. शेवटी गोटूच्या आकाराच्या सशाला दिवसाला 25 ते 40 ग्रॅम पेलेट पुरेत, आणि नेमका आकडा पशुवैद्यांनी त्याच्या वजनावरून ठरवावा. त्याच्या खाण्याचा मोठा हिस्सा, ढोबळमानाने 80 टक्क्यांहून अधिक, गवतच असायला हवे.

पालेभाज्यांची घाई नको. गवत पक्के रुळल्यावर एका वेळी एकच भाजी, दोन-तीन पाने देऊन दोन दिवस लेंड्यांकडे लक्ष ठेवावे आणि मगच पुढची आणावी. कोथिंबीर, पुदिना, गाजराचा आणि मुळ्याचा पाला यांपासून सुरुवात करा. पालक अधूनमधून आणि थोडा, कोबी आणि फ्लॉवरची पाने वायू होत नाही असे पाहून. कांदा, लसूण, बटाटा आणि चॉकलेट कधीही नको. कुंडीतली कण्हेर आणि मनी प्लांट त्याच्या तोंडाच्या टप्प्याबाहेर ठेवा. गाजर हे सशाचे अन्न आहे हा आपल्या सर्वांचा चित्रांतून झालेला समज आहे; प्रत्यक्षात ते गोड आहे, आणि नखाएवढा तुकडा खाऊ म्हणून पुरतो. द्राक्षांच्या बाबतीतही तेच. नाशिकला राहून त्याला द्राक्ष कधीच द्यायचे नाही, असे मी म्हणणार नाही; पण मुठीऐवजी एका द्राक्षाचा अर्धा भाग, तोही आठवड्यातून एकदा-दोनदा आणि नीट धुतलेला.

पाण्यासाठी बाटलीऐवजी जड, उथळ वाडगा ठेवा. वाडग्यातून ससे अधिक पाणी पितात आणि इतका कोरडा आहार सुरू झाल्यावर त्याची गरज वाढते.

या साऱ्या काळात एक वही ठेवा. दर रविवारी एकाच वेळी, टोपलीत बसवून वजन घ्या. आठवड्याला 30 ते 50 ग्रॅम घटत असेल तर ठीक. त्याहून वेगाने घटत असेल, तर जुने खाणे थोडे वाढवून पशुवैद्यांना कळवा. लेंड्यांचा आकार आणि अंदाजे संख्या रोज लिहा. बूड रोज पाहा, ओल्या कापडाने पुसून कोरडे करा, पण संपूर्ण आंघोळ घालू नका, कारण त्या भीतीने आणि गारठ्याने ससे आजारी पडतात. पावसाळ्यात तर दिवसातून दोनदा पाहा. घाण राहिलेल्या जागी माश्या अंडी घालतात आणि एका दिवसात अळ्या पडून ससा गंभीर होऊ शकतो.

गोटू अंग चोरून बसला, दात करकर वाजवू लागला, कान गार लागले, पोट फुगून घट्ट झाले किंवा दहा-बारा तासांत एकही लेंडी दिसली नाही, तर सकाळ होण्याची वाट न पाहता त्याला दवाखान्यात न्या. रात्री उघडा असलेला आणि सशांना तपासणारा दवाखाना कोणता, याची चौकशी आजच करून क्रमांक फ्रीजवर चिकटवून ठेवा.

आणि सासूबाईंना या कामात सामील करून घ्या. गोटूला त्यांच्या हातून काहीतरी मिळावे ही त्यांची इच्छा रास्तच आहे, फक्त ते बिस्किट असण्याची गरज नाही. पुढच्या महिनाभरात तो कोथिंबिरीला रुळला, की संध्याकाळची जुडी त्यांनीच निवडावी, धुवावी आणि गवताच्या ढिगापाशी बसून एकेक काडी त्याला भरवावी. पशुवैद्यांनी दातांविषयी काय सांगितले, ते मला अवश्य कळवा. त्यावरून पेलेटचे प्रमाण आणि गवताचा प्रकार पुन्हा ठरवता येईल.